खात्रीचा नग

विश्वास पानिपतात मेला, असं आमचे आकाराम मामा म्हणायचे आणि म्हणताना हसायचे नाहीत. गॅसची टाकी घरात घेण्याआधी ते तिला वजनकाट्यावर चढवायचे. एकादशी कधी आहे हे दोन वेगवेगळ्या दिनदर्शिकांत बघायचे आणि जुळलं तरच उपास धरायचे. लग्नपत्रिका आली की नवरदेवाच्या घरी फोन करून तारीख विचारायचे, कारण छापणारा चुकला असला तर? मला पीएच.डी.ला प्रवेश मिळाला तेव्हा मी पेढे घेऊन गेले, तर त्यांनी आधी प्रवेशाचं पत्र मागितलं. ते उलटंसुलटं करून बघितलं, उजेडासमोर धरलं आणि मग पेढा तोंडात टाकला. मला इतका राग आला की उरलेला खोका मी तसाच परत घेऊन आले.

मामा म्हणजे माझ्या बया आत्तीचे यजमान. आमच्याकडे आत्तीच्या नवऱ्याला मामाच म्हणतात. शिरोलीच्या एका फौंड्रीत त्यांनी तेहेतीस वर्षं एकच काम केलं. वितळलेलं लोखंड वाळूच्या साच्यात ओतायचं, थंड झालं की साचा फोडायचा आणि आतून निघालेला नग मामांच्या पुढ्यात यायचा. मामा तो टांगायचे, हातोडीनं एक टोला द्यायचे आणि कान लावायचे. चांगला नग खणखणीत वाजतो. आत भेग असली तर बद्द वाजतो. बद्द वाजला की मामा त्यावर लाल रंगाची फुली मारायचे आणि तो नग फुटून परत भट्टीत जायचा. मालकाच्या मुलानं येऊन "आकाराम, एवढा जाऊ दे की," म्हटलं तरी फुली पुसली जायची नाही. तेहेतीस वर्षांत एकही पुसली नाही असं मामा सांगायचे. फौंड्रीतले लोकही तेच सांगायचे, म्हणून मी मानते.

तिथली एक रीत होती. नवा तपासनीस आला की त्याला काही न सांगता त्याच्या ढिगात एक नग सरकवायचा. हा नग दहा वेळा तपासलेला, निर्दोष, त्याला म्हणायचे खात्रीचा नग. नव्या माणसानं त्यावर फुली मारली तर त्याचा कान कच्चा, त्याला दुसऱ्या कामावर पाठवायचं. मामांनी अशी बरीच माणसं पाठवली होती. तपासणाऱ्यालाच आधी तपासायचं, हे त्यांच्या हाडीमासी खिळलं होतं.

साऱ्या जगात ते फक्त एका माणसाला तपासत नसत. माझ्या वडिलांना. आबांचं नाव बाळासो. तरुणपणी तालमीत होते, आता म्हशी पाळतात आणि गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर गिऱ्हाइकासमोर धार काढून फेसाळ दुधाचा पेला हातात देतात. वजन चौऱ्याण्णव किलो, आवाज असा की पलीकडच्या गल्लीतली म्हैस मान वर करते. आबांचं दूध मामा बोट न बुडवता घ्यायचे. आबाही मामांना दाजी म्हणून इतकं मानायचे की दाजींनी वाईट म्हटलेल्या दुकानाची पायरी ते कधी चढले नाहीत.

डॉक्टर लोकांवरचा मामांचा राग मात्र फौंड्रीतून आलेला नव्हता. सहा वर्षांपूर्वी बया आत्तीच्या छातीत जळजळायला लागलं. गल्लीच्या कोपऱ्यावरच्या डॉक्टरनं पोट दाबून बघितलं, पित्त आहे म्हणाला, पांढरी पूड दिली. आत्ती दुसऱ्याच दिवशी पहाटे गेली. मामांना मूलबाळ नव्हतं, आत्तीच काय ती होती. मयतीला ते रडले नाहीत. आबांचा हात धरून एवढंच म्हणाले, "पास करून पाठिवली की रं तिला." दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. मामा तर त्यानंतर पाणीही फुंकून प्यायला लागले.

एका रविवारी ते आमच्याकडे चहाला आले आणि मला म्हणाले, "तेजस्वी, तू त्या विद्यापीठात उंदरं मारून करतीस काय नेमकं? शाळेतल्यागत सांग. पर खोटं सांगू नगंस."

मी सांगितलं. हृदयाच्या एकेका पेशीत हजारो बारीक इंजिनं असतात, त्यांना मायटोकाँड्रिया म्हणतात. हृदयाला रजा नाही, म्हणून तिथं ती इतकी दाटीनं असतात की पेशीचा जवळजवळ तिसरा हिस्सा त्यांनीच भरतो. चालून चालून ती खराब होतात. खराब झालेलं इंजिन गप पडून राहिलं असतं तर एक वेळ चाललं असतं, पण ते ठिणग्या टाकतं आणि शेजारच्या चांगल्यांनाही बिघडवतं. म्हणून पेशी खराब इंजिनावर खूण करते, त्याला पिशवीत गुंडाळते, विरघळवते आणि निघालेला माल परत वापरते. वय झालं, रक्तात साखर वाढली की ही सफाई मंदावते. मग हृदय थकतं. रक्तवाहिन्यांच्या भिंतीतही तसंच, सफाई थांबली की भिंत सुजते आणि तिथं चरबीचा थर चढायला फावतं.

"म्हंजे आमचंच की!" मामा खूश झाले. "फुली मार, फोड, भट्टीत घाल." मग लगेच त्यांचे डोळे बारीक झाले. "पर पेशीत फुली मारणारा कोण?"

"दोन प्रथिनं आहेत, मामा. एक खराब इंजिनाच्या अंगावर साचतं आणि दुसऱ्याला बोलावून घेतं. मग दोघं मिळून खूण करतात."

"आणि तीच झोपली तर? न्हाईतर चांगल्यावर फुल्या मारत सुटली तर?"

माझी चार वर्षं ह्याच दोन प्रश्नांत गेली होती आणि ह्या माणसानं ती चहाच्या एका कपात काढली. सफाई कमी पडली तर हृदय बिघडतं, आणि अति झाली तरी बिघडतं, कारण मग पेशीत इंजिनंच उरत नाहीत. "कधी किती हवी ते अजून ठाऊक नाही," मी म्हटलं. "उंदरात बरंच दिसलंय. माणसात पक्कं नाही. नेमकं ह्यावरचं सिद्ध झालेलं औषधही नाही."

"मग आमच्या गल्लीतला ज्ञानू 'पेशी शुद्धी' म्हणून पावडर इकतोय ती?"

"त्याला विचारा, कुणावर तपासली."

मामा कप ठेवून तडक ज्ञानूकडे गेले. बाप दाखव न्हाईतर श्राद्ध कर, असं त्याच्या दुकानाच्या पायरीवर उभं राहून त्यांनी ठणकावलं. ज्ञानूनं दोन दिवस दुकान उघडलं नाही. पण त्या रविवारपासून मामांनी माझ्याकडे कागद मागायचं बंद केलं. "ठावं न्हाई म्हणता येतं ह्या पोरीला," असं ते आईला म्हणाल्याचं मी आतून ऐकलं, आणि खरं सांगते, मला पीएच.डी.च्या प्रवेशापेक्षा त्याचा आनंद जास्त झाला.

त्यानंतर मार्गशीर्षात पन्हाळ्याला नात्यातलं एक लग्न होतं. चढावर मामा मध्येच थांबले. छातीच्या मधोमध मूठ दाबून धरली, तटबंदी बघतोय असं सोंग केलं आणि दोन मिनिटांनी चालायला लागले. सोंग इतरांना खपलं. मी हृदयावर काम करते. घरी आल्यावर मी मागेच लागले, की मामा, दाखवायचं. त्यांनी नेहमीचं सुरू केलं: कुठल्या डॉक्टरला, तो कुठं शिकला, त्याला मशीन विकणाऱ्याकडून काय मिळतं. मी पंधरा दिवस सोडलं नाही. शेवटी म्हणाले, "बरं. त्या कुंभोजकर डॉक्टरकडं जातो. पर आदी त्येची परीक्षा."

मला वाटलं, भिंतीवरची प्रमाणपत्रं वाचत बसतील. तिथं मी फसले.

सोमवारी मी प्रयोगशाळेत असताना मामा कट्ट्यावर गेले आणि आबांना घेऊन हॉस्पिटलात पोचले. खिडकीवर नाव सांगितलं आकाराम, वय सहासष्ट, आणि आत पाठवलं आबांना. सोनोग्राफीसारखं यंत्र फिरवून हृदय बघितलं, सरकत्या पट्ट्यावर चालवलं, सगळं आबांचं झालं. कागद मामांच्या नावाचा. चौऱ्याण्णव किलोचा पैलवान गडी, रोज दोन शेर दूध, जन्मात ताप नाही. ह्याच्याहून खात्रीचा नग मामांना कुठं मिळणार होता? डॉक्टर कुंभोजकरांनी कागद बघितला, गंभीर झाले आणि म्हणाले, हृदयाची ताकद पस्तीस टक्क्यांवर आलेय, पट्ट्यावरचा आलेखही वाईट आहे, उद्याच अँजिओग्राफी करू.

दोघं बाहेर आले आणि पोट धरून हसले. मामांना हवं होतं ते मिळालं होतं. चांगल्या नगावर फुली! पुढचे आठ दिवस त्यांनी ही गोष्ट कट्ट्यावर, सलूनमध्ये, दळणाच्या रांगेत, जिथं चार माणसं भेटतील तिथं सांगितली. आबाही सोबत टाळ्या देऊन हसायचे. मला मात्र दोघांनी काही कळू दिलं नाही, मी चिडेन म्हणून.

आठव्या दिवशी मामा घरी आले, कागद माझ्यापुढं टाकला आणि मांडी घालून बसले. "वाच तुझ्या शास्त्राचा निकाल."

मी वाचला. मामांचं हृदय इतकं गेलंय? मग नजर वरच्या ओळीवर गेली. नाव आकाराम. वय सहासष्ट. वजन चौऱ्याण्णव.

"मामा, तुमचं वजन किती?"

"चोपन्न. का?"

"मग हे चौऱ्याण्णव कुणाचं?"

मामांनी मांडीवर थाप मारली. "कसं वळखलीस! माझीच भाची शोभतीस!" आणि त्यांनी सगळी करामत रंगवून सांगितली. आबा दारात उभे राहून मिशीत हसत होते. मला आठवतं, मी दोघांकडे आळीपाळीनं बघत होते. ह्या शहाण्या माणसानं माझ्या बापाचा रिपोर्ट आठ दिवस विनोद म्हणून खिशात घालून मिरवला होता.

"आबा, पट्ट्यावर चालताना दम लागला होता का?"

"जरा. बूट घट्ट हुतं."

मामांचं हसू थांबलं. "बूट बाहेर माझ्या हातात हुतं, बाळासो. तू अनवाणी चाललास."

आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि तिनं सांगितलं की दिवाळीपासून हे रात्री दोन उशा घेऊन झोपतात, विचारलं तर खेकसतात. मी मामांना काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. वडीलधाऱ्याला बोलू नये असं सगळं बोलले. ते खाली मान घालून बसले होते.

खरी पंचाईत पुढंच होती. आबा हटून बसले. अँजिओग्राफी नको, काही नको. मी समजावलं तर म्हणाले, "तू उंदरांची डॉक्टर." आईनं जेवण सोडलं तर तिचं ताट स्वतः वाढून पुढ्यात ठेवलं, पण हॉस्पिटलाचं नाव काढू दिलं नाही. मग मामा स्वतः समजवायला आले, तेव्हा आबा असे कडाडले की म्हशी बिथरल्या. "दाजी, तुमीच साऱ्या कोल्हापूरला सांगितलासा, त्यो डॉक्टर खोटा हाय. आता पोरीनं कागुद वाचला म्हणून खरा झाला व्हय? तेहेतीस वर्षांत तुमची फुली कवा पुसलीया?"

इतक्या वर्षांची मामांची कमाई म्हणजे ही एक गोष्ट, आणि तीच आता माझ्या बापाच्या गळ्याशी आली होती. चार दिवस असे गेले. मी प्रयोगशाळेत जाऊन नुसती बसायचे. सूक्ष्मदर्शकाखाली दर पेशीत मला आबाच दिसायचे.

पाचव्या दिवशी, शुक्रवारी संध्याकाळी, मामा आले. इस्त्रीचा शर्ट, डोक्याला टोपी. उंबऱ्यातूनच हसत आबांना म्हणाले, "बाळासो, मी जाऊन आलो. माझ्या नावावर मीच झोपलो ह्या बारीला. पट्ट्यावर चाललो, समदं केलं."

"मग?"

"पास. डॉक्टर म्हणला, काळीज एक नंबर हाय, जावा घरी. आता बघ, त्यो चांगल्याला चांगला म्हणतोय. म्हंजे वाईटाला वाईट म्हणतोय ते बी खरं. कान पक्का हाय त्येचा. माझंच चुकलं."

आबा त्यांच्याकडे बघत राहिले. "खरं, दाजी?"

"मी कवा खोटं बोललोय?"

आबा उठले आणि खुंटीवरचा शर्ट काढला.

मी त्या वेळी तिथं होते. पन्हाळ्याच्या चढावर मूठ दाबून उभा राहिलेला माणूस मी डोळ्यांनी बघितला होता. जो माणूस गॅसची टाकी मोजल्याशिवाय घेत नाही त्याची भाची मी, एका वजनावरून कागद पकडणारी. त्या संध्याकाळी मी मामांना म्हणायला हवं होतं, कागद दाखवा. मी म्हटलं नाही. माझ्या बापाला वाचवायचं होतं आणि मामांचं म्हणणं खरं असणं माझ्या सोयीचं होतं. हे मी स्वतःपासून फार दिवस लपवलं, आता लपवत नाही.

अँजिओग्राफीत तीन नळ्या बंद निघाल्या, मुख्य नळी नव्वद टक्के. डॉक्टर कुंभोजकरांनी आम्हाला बसवून सांगितलं की हा माणूस चालत आला हेच नवल आहे. नावाच्या अदलाबदलीबद्दल त्यांनी मामांना सगळ्यांसमोर झापलं. मग बाजूला घेऊन आणखी काही वेळ बोलत राहिले. मला वाटलं, झापणं अजून संपलेलं नाही, आणि बरंच वाटलं मला.

बायपास चौथ्या दिवशी ठरली. आबांना आत नेल्यावर मामा बाहेरच्या बाकावर बसले ते पाच तास उठले नाहीत. आई जप करत होती. मी काय करत होते? रक्त अडलं की पेशीतली इंजिनं खराब होतात, आणि रक्त परत सुरू होतं तेव्हा त्या पहिल्या झोतातही होतात. त्या तासांत सफाई बेतानं आणि वेळेवर झाली तर पेशी तगते. हे मी उंदरांत शंभरदा मोजलंय. त्या दिवशी आत माझा बाप होता आणि मला एकही आकडा आठवत नव्हता.

मधेच मामांनी विचारलं, "तेजस्वी, सफाईला उशीर झाला असला तर मागनं भरून निघतंय काय गं?"

"काही निघतं, काही नाही. जितकं लवकर तितकं बरं, मामा."

"मग बाळासोचं येळेवर झालं म्हणायचं."

त्यांचा हात छातीवर होता. मी तो बघितला. पास झालेल्या माणसाचा हात म्हणून बघितला आणि दाराकडे तोंड फिरवलं.

आबा बचावले. दहाव्या दिवशी घरी आले. मामा रोज सकाळी यायचे, आबांना धरून गोठ्यापर्यंत चालवायचे, परत आणायचे आणि गोळ्या घेतल्या की नाही ते पाकीट उलटं करून बघायचे. आबांनी हसून विचारलं, "आता माझ्यावर बी इस्वास न्हाई व्हय दाजी?" मामा म्हणाले, "न्हाई." इतके मोकळे, इतके खुशीत मी त्यांना आत्ती गेल्यापासून बघितलं नव्हतं.

आबांच्या ऑपरेशनला एकोणीस दिवस झाले होते. सकाळी मामांच्या शेजारच्या जोतीरामचा फोन आला. मामा आंघोळीला पाणी तापवायला बंब पेटवत होते आणि तिथंच कलंडले. मी पोचले तेव्हा बंब धुमसत होता आणि मामा थंड झाले होते.

तेरा दिवस आमच्याच घरानं केले. आबा बसून होते, बोलत नव्हते. टाके दुखतात म्हणून असेल असं आईला वाटलं. मला त्यांची नजर आवडत नव्हती. मामा गेल्यावर अकराव्या दिवशी मी त्यांच्या गोळ्यांची पाकिटं मोजली. रक्त पातळ ठेवायची गोळी आठ दिवसांची जादा शिल्लक होती. नव्या जोडलेल्या नळ्यांत गुठळी झाली असती तर?

"आबा, गोळ्या का घेतल्या नाहीत?"

"कशापायी घ्यायच्या?" आबांचा आवाज कधी नव्हे तो हळू होता. "डॉक्टरनं दाजींना पास केलं आणि दाजी गेलं. बयाक्काला बी पित्त म्हटलं आणि ती गेली. मग माझं काळीज खराब, ह्या गोळ्या खऱ्या, हे कशावरनं? माझी छाती उगंच फाडली नसंल कशावरनं?"

ही नजर मी ओळखली. ती मामांची होती. आणि तोच प्रश्न मलाही पडला होता. एक नंबर काळीज वीस-पंचवीस दिवसांत थांबतं कसं? मी गाडी काढली आणि डॉक्टर कुंभोजकरांकडे भांडायला गेले. होय, भांडायलाच. बाहेर बसलेले सगळे पेशंट माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "तुम्ही आमच्या मामांना पास केलं आणि ते गेले. काय बघितलंत तुम्ही?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "पास कुणी केलं?"

त्यांनी कपाटातून फाइल काढून माझ्यापुढं ठेवली. नाव आकाराम, वय सहासष्ट, वजन चोपन्न. पट्ट्यावर तिसऱ्या मिनिटाला चाचणी थांबवावी लागली होती. खाली डॉक्टरांच्या अक्षरात लिहिलं होतं: तातडीनं अँजिओग्राफी.

"त्याच दिवशी दाखल व्हा म्हणालो," डॉक्टर सांगत होते. "नको म्हणाले. म्हणाले, साहेब, तुमचं बरोबर हाय, मला बी छातीत दुखतंय. पर मी नापास झालो हे बाळासोला कळलं तर त्यो म्हणंल, हा डॉक्टर समद्यांनाच नापास करतोय, आणि त्यो यायचा न्हाई. आदी त्येचं हुंदे. घरात कुणाला सांगायचं नाही असं माझ्याकडून कबूल करून घेतलं. तुमच्यासमोर मी त्यांना बाजूला घेतलं ना, तेव्हाही हेच बोललो. निदान गोळ्या चालू करा म्हटलं, त्या घेत होते. बाळासोचे टाके सुकले की येतो म्हणाले, तारीखही घेतली."

"कुठली?"

त्यांनी दाखवली. मामा गेले त्यानंतरची तिसरी सकाळ.

मी फाइलची प्रत मागितली आणि घरी आले. रस्त्यात एकदा गाडी बाजूला घ्यावी लागली, पुढचं दिसत नव्हतं. आबा कॉटवर बसले होते, आई त्यांचे पाय चेपत होती. ताज्या टाक्यांच्या माणसाला हे सांगावं का, असा एक विचार आला. पण न सांगता ते गोळी घेणार नव्हते, आणि खोटं सांगून वाचवायची पाळी आमच्या घरात एकदा होऊन गेली होती.

मी कागद वाचला. आबा ऐकत होते.

"परत वाच."

परत वाचला. डॉक्टर जे बोलले तेही सांगितलं, मामांच्या शब्दांत, जसंच्या तसं. आई तोंडाला पदर लावून भिंतीकडे वळली.

"हसत सांगितलं गं मला," आबा म्हणाले. "उंबऱ्यात हुबं राहून. टोपी घालून आलतं." आणि मग ते रडले, छाती दोन्ही हातांनी आवळून धरून, कारण रडताना टाके ताणतात. मी त्यांना गप्प केलं नाही. मलाही रडायचं होतं.

बऱ्याच वेळानं त्यांनी हात पुढं केला. आईनं गोळ्यांचा डबा आणला. त्यांनी त्या दिवसाच्या सगळ्या घेतल्या, वरून पाणी प्यायले आणि पेला मला दिला.

"आठ दिवस चुकल्यात, त्येचं काय करायचं ते डॉक्टरला इचार," आबा म्हणाले. "आणि म्हणावं, खोटं दाजी बोललं. तुमी न्हाई."